शिवेबाहेर काही जात नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पहाटेच मारबत निघते. दारातल्या पळसाच्या डहाळ्या उचलायच्या, पोरांनी गलका करत शिवेपर्यंत जायचे आणि ताप, खोकला, डास, ढेकूण अशी सगळी इडापिडा तिथे टाकून यायची. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. खेड्यातली मारबत त्याहून साधी असते, पण मागणे तेच असते: रोगराई गावाबाहेर जाऊ दे.

ही प्रथा मला मनापासून आवडते. वर्षातून एक दिवस अख्खे गाव मिळून म्हणते की आम्हाला निरोगी राहायचे आहे, ही लहान गोष्ट नाही. पण बाकीचे दिवस आपण घरातला कचराही मारबतीसारखाच काढतो. शिवेपर्यंत नेला, नालीत लोटला किंवा काडी लावली की तो गेला, असे धरून चालतो. तो जात नाही. मौद्याच्या माणसाला हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही, कारण आपल्या तालुक्यात पाणी आणि वारा कसे फिरतात ते आपण रोज पाहतो.

कन्हानचेच घ्या. ही नदी सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्याकडून उतरते. कामठीच्या आसपास पेंच आणि कोलार तिला येऊन मिळतात आणि मग ती मौद्याला येते. वरच्या गावांनी जे सोडले ते घेऊनच येते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडले, तेव्हा राखेचे पाणी कोलारमधून कन्हानपर्यंत उतरले होते. आपल्या खाली, कुही तालुक्यात, नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत जाते आणि ते सगळे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. मौद्याच्या वीज केंद्राला लागणारे पाणी याच जलाशयातून पाइपने आणले जाते. आपण शिवेबाहेर लोटलेले पाणी वळसा घालून पुन्हा आपल्याच शिवेत येते ते असे.

मौद्यात प्रदूषणाचा विषय निघाला की पहिले बोट वीज केंद्राच्या चिमणीकडे जाते. ते स्वाभाविक आहे. एनटीपीसीचे हे केंद्र २,३२० मेगावॅटचे आहे, ५०० चे दोन आणि ६६० चे दोन संच आहेत. आपल्या देशातल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. एवढा कोळसा जिथे जळतो तिथल्या लोकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि ते कसे विचारायचे तेही मी पुढे सांगणार आहे. पण आधी अंगणातले बोलू. चिमणीचा धूर उंचावरून सुटतो. दारातल्या कचऱ्याला लावलेल्या काडीचा धूर मात्र थेट नाकाच्या उंचीवर असतो, आणि तो पहिल्यांदा आपल्याच घरातल्या लेकराच्या छातीत जातो.

म्हणून माझी पहिली विनंती काडीबद्दल आहे. झाडून काढलेल्या ढिगात पालापाचोळा असतो, तसेच कुरकुऱ्यांची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, तुटकी चप्पल, वायरचा तुकडाही असतो. हे सगळे कमी आचेवर धुमसते आणि त्यातून निघणारा धूर नुसता डोळ्याला झोंबणारा नसतो, तो विषारी असतो. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, असे उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी द्रव्ये तयार होतात. ती जमिनीवर, चाऱ्यावर बसतात, गाय-म्हैस तो चारा खाते आणि दुधातून ती आपल्याकडे परत येतात. थंडीत तर हवा खाली जड होऊन बसते. संध्याकाळी लावलेली काडी सकाळपर्यंत मोहल्ल्यात रेंगाळते. घनकचऱ्याच्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आहे. पण नियम नसता तरी आपल्या म्हाताऱ्या माणसांचा दमा पाहून आपण हे बंद करायला हवे होते.

मग कचऱ्याचे करायचे काय? घरात तीन भांडी ठेवा. एकात ओला: भाजीची देठे, उष्टे, चहाचा चोथा, फळांच्या साली. दुसऱ्यात सुका: कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा. तिसऱ्यात जपून हाताळायचे: सेल, जुनी औषधे, फुटलेला बल्ब. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या, नालीत तर मुळीच नको. गावात घंटागाडी येत असेल तर तिच्यात हे वेगवेगळेच टाका. गाडीवाला सगळे एकत्र करतो, ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकतो. तसे होत असेल तर चार बायांनी मिळून गाडी थांबवा आणि त्याला शांतपणे विचारा, मग नगरपंचायतीत लेखी द्या. त्याच्या चुकीमुळे आपण वेगळे करणे सोडू नका. जिथे गाडी येत नाही तिथे ओला कचरा परसातल्या खड्ड्यात आणि सुका धुऊन, पोत्यात भरून भंगारवाल्याला. ओला कचरा ओल्याच्या जागी गेला की उरलेल्या कचऱ्याला वास येत नाही, आणि वास नसला की तो साठवून ठेवता येतो. अर्धे काम तिथेच होते.

आता शेताकडे जाऊ, कारण खरी आग तिथे आहे.

आपला तालुका धानाचा. पूर्वी धान विळ्याने कापला जायचा, भारे बांधून खळ्यावर चुरणी व्हायची आणि तणस घरी यायचे. तणसाचा ढीग म्हणजे जनावरांची वर्षाची बेगमी होती. आता मजूर मिळत नाही, हार्वेस्टर येतो, तासाभरात बांधी मोकळी करतो आणि मागे उभे खुंट व विखुरलेले तणस सोडून जातो. बैलजोड्या कमी झाल्या. पुढे गहू-हरभऱ्याची घाई असते, उन्हाळी धान असेल तर पावसाची घाई असते. शेतकरी काडी लावतो तो हौसेने लावत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्याला दोषी ठरवायला आलो नाही. त्याच्यासमोर एक हिशेब मांडायला आलो आहे.

एक टन धानाच्या तणसात सुमारे साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद आणि पंचवीस किलो पालाश असते. साडेपाच किलो नत्र म्हणजे बारा किलो युरिया झाला. पंचवीस किलो पालाश म्हणजे पोटॅशची पाऊण गोणी, किंबहुना थोडी जास्तच. काडी लावली की नत्र जवळजवळ सगळे धुरात जाते. पालाश राखेत उरते खरे, पण ती राख वाऱ्याने आणि पहिल्या सरीने कुणाच्या बांधीत जाईल ते सांगता येत नाही. वरच्या थरातले गांडूळ आणि जिवाणू भाजून निघतात, धुऱ्यावरची बाभूळ होरपळते, कधी शेजाऱ्याचा ढीगही पेटतो. आणि मग आपण त्याच युरिया-पोटॅशसाठी कृषी केंद्रासमोर रांगेत उभे राहतो.

तणसाचे चीज करायची रीत आपल्या विदर्भातच तयार झाली आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी ती बसवली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप हे नाव पडले. विटांचे टाके बांधायचे, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत मध्ये मध्ये विटेएवढी भोके सोडायची म्हणजे हवा खेळते. या टाक्यात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, नव्वद ते शंभर किलो शेण, सुमारे साडेसतराशे किलो कोरडी चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. आधी टाक्याच्या आतून शेणकाला शिंपडायचा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून, त्यावर मातीचा पातळ थर, असे थरावर थर रचत टाक्याच्या वर दीड फूट शीग लावायची आणि शेणमातीने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचे. भेगा पडू द्यायच्या नाहीत, ओल टिकवायची. तीन ते चार महिन्यांत साधारण तीन टन खत मिळते.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती शेणाची बाब. एवढ्या खताला शंभर किलोच शेण लागते. ज्याच्या दावणीला एकच गाय उरली आहे त्यालाही हे जमते. पांढरीपांडे यांनी विदर्भातल्या कोरडवाहू, जनावरे कमी झालेल्या शेतकऱ्याची अडचण बरोबर ओळखली होती. तणस लवकर कुजत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी ते आधी एक दिवस भिजवून घ्या आणि हिरवा पाला, तरोटा, भाजीचा कचरा त्यात मिसळा. नाडेपचे टाके आणि शोषखड्डा ही दोन्ही कामे रोजगार हमीतून होत आली आहेत, तेव्हा स्वखर्चाने विटा आणण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

सगळे तणस टाक्यात मावणार नाही, हेही उघड आहे. काही गोठ्यात जाईल. काही रोटाव्हेटरने ओल असतानाच जमिनीत गाडता येईल. ज्यांच्याकडे लाखोळी किंवा जवस उतेरा म्हणून उभ्या धानात फेकायची रीत अजून आहे, त्यांच्या बांधीला काडी लागतच नाही, कारण खाली कोंब आलेले असतात. त्या जुन्या रीतीकडे पुन्हा बघायला हरकत नाही. आणि गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिने आणखी एक चौकशी करावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशासोबत काही टक्के शेतकचऱ्याच्या गोळ्या जाळण्याचे धोरण ठरवून दिले. जे तणस आपण रात्री उघड्यावर पेटवतो, त्याच्या गाठी बांधून विकता आल्या तर धूरही वाचेल आणि चार पैसेही हातात येतील. एकट्या शेतकऱ्याला हे जमणारे नाही, दहा गावांनी मिळून करायचे काम आहे.

पाण्याबद्दल एकच काम सांगतो. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी रस्त्यावर किंवा उघड्या नालीत सोडू नका, घरीच जिरवा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले आणि तिथल्या गटारींसोबत डासही गेले. पुढे त्याची नक्कल अनेक गावांनी केली. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. तळाला मोठे दगड किंवा विटांचे तुकडे, मध्ये भोके पाडलेला माठ किंवा सिमेंटची छोटी टाकी, भोवती गिट्टी, वर पोते आणि माती. माठात उष्टे आणि गाळ अडतो, तो महिन्या-दोन महिन्यांनी काढून टाकायचा. संडासाचे पाणी यात सोडायचे नाही आणि विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब राहायचे. आपल्याकडे काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते, नाहीतर खड्डा पहिल्याच पावसात तुंबतो. तेवढे जमत नसेल तर ते पाणी परसातल्या केळीला, पपईला, धोप्याला लावा. केळ आणि धोपा भरपूर पाणी पितात.

मिरची आणि भाजीपाला करणाऱ्यांना वेगळे सांगायचे आहे. फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी झाली की ती धुऱ्यावर भिरकावली जाते आणि पंप नाल्यावर धुतला जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध माणसाला मारू शकते, तर नाल्यातल्या मासोळीची आणि पाणी प्यायला आलेल्या बकरीची काय कथा. बाटली रिकामी झाली की तीनदा खंगाळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, म्हणजे पैसेही वाया जात नाहीत. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. पंप शेतातच धुवा, नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर.

कॅरीबॅगबद्दल फार बोलत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, दंड पहिल्या वेळी पाच हजारांचा आहे, आणि तरीही आठवडी बाजारात ती मिळते, कारण आपण हात हलवत बाजारात जातो. जुन्या लुगड्याची एक पिशवी गाडीच्या डिकीत ठेवा. हा प्रश्न तेवढ्याने सुटतो.

विजेचे मात्र सांगायला हवे, कारण आपल्याइतके ते दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही. कोळसा जळतो तो आपल्या उशाशी. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात. एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला चौदा किलो कोळसा आणि चार-पाच किलो राख कमी. नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा असे मी कुणाला सांगणार नाही. जुना जळाला की नवा कोणता घ्यायचा, एवढेच सांगतो. ज्यांना जमेल त्यांनी छतावर सौर पॅनेल बसवावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

घर बांधणाऱ्यांना दोन शब्द. रॉयल्टीची पावती नसलेली रेती घेऊ नका. रात्री कन्हानच्या किंवा सूरच्या पात्रातून उपसलेली रेती ही नदीकाठच्या विहिरींचे पाणी धरून ठेवणारी गादी असते, ती गेली की विहिरी आटतात. विटा राखेच्या वापरा, त्याने भट्टीसाठी शेताची वरची माती खरवडली जात नाही. पण सुटी राख फुकट मिळते म्हणून विहिरीजवळच्या खोलगट जागेत भरण करू नका. पावसाने तिच्यातले धातू पाण्यात उतरण्याचा धोका असतो.

आता चिमणीचे, आणि मोठ्यांना जाब विचारण्याचे. उद्योग कोणताही असो, नवा येताना किंवा मोठा वाढताना बहुतेक वेळा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, प्रकल्पाचा सारांश मराठीत पाहायला मिळतो, आणि कुणीही तिथे बोलू शकतो किंवा लिहून देऊ शकतो. आपण त्या दिवशी गर्दी करतो, घोषणा देतो आणि लेखी काहीच देत नाही. पुढे कागदावर उरते ते लेखीच. नोकरीची मागणी जरूर करा, पण सोबत विचारा: राख कुठे जाईल, पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार, हवा मोजण्याचे यंत्र कोणत्या गावात बसवणार आणि त्याचे आकडे गावाला कोण दाखवणार. राखेचा किंवा कोळशाचा ट्रक ताडपत्रीशिवाय दिसला तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, जागा लिहा, फोटो काढा आणि मंडळाला अर्ज द्या. उत्तर आले नाही तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे. एकट्याच्या अर्जाला वेळ लागतो, ग्रामसभेच्या ठरावाला वजन असते. आणि ज्या गावाची स्वतःची नाली साफ आहे, ज्या गावात कचरा जळत नाही, त्या गावाचा ठराव नाकारणे कुणालाही जड जाते. म्हणून मी अंगणापासून सुरुवात केली.

लोक म्हणतात, सवयी बदलत नाहीत. मौद्याने हे म्हणू नये. बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गाचा आश्रम आपल्याच गावात आहे. त्या मार्गावर आलेल्या किती घरांतून दारू गेली हे आपण शेजारीपाजारी पाहिले आहे. ती गेली कारण एकट्याने ठरवले नाही, कुटुंबाने मिळून ठरवले आणि सोबतचे सेवक आठवण करून देत राहिले. दारू सुटू शकते, तर काडी सुटायला काय अडचण आहे?

या हंगामात धान निघाला की सगळी शेती नको, फक्त एक बांधी न जाळता ठेवा. तिच्यातले तणस टाक्यात भरा आणि पुढच्या वर्षी त्या बांधीचा उतारा बाजूच्या बांधीशी ताडून पाहा. आणि येत्या ग्रामसभेला या. घरातल्या बायांना सोबत आणा, कारण कचरा, धूर आणि पाणी यांचा खरा हिशेब त्यांच्याकडेच आहे.